पुठ्ठ्याची थडगी

उत्तम कलाकृतीची मुक्तकंठाने स्तुती करावी, सामान्य कृतीविषयी मौन पाळावे आणि वाईट कृतीची निर्भर्त्सना करून मोकळे व्हावे, असा रसिकतेचा एक रूढ संकेत आहे. या संकेताला वाकुल्या दाखवणारी चित्रपटांची एक जात जगात सुखाने नांदते आहे. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात अमेरिकेत तुटपुंज्या भांडवलावर निघालेले विज्ञान-भयपट ही ती जात होय. परग्रहावरून राक्षस उतरला आहे, पृथ्वीचा सर्वनाश घटकाभरावर येऊन ठेपला आहे, प्रेक्षकांनी श्वास रोखून बसावे अशी निर्मात्याची अपेक्षा आहे. आणि प्रत्यक्षात प्रेक्षकांची हसून हसून मुरकुंडी वळते आहे. त्याच वर्षांत गाजलेले, मानाची पारितोषिके पटकावलेले कितीतरी चित्रपट आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. हे फसलेले चित्रपट मात्र साठ-सत्तर वर्षे लोटल्यावरही आवडीने पाहिले जातात. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. तथापि अपयशाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी त्यात गुंतलेली असल्यामुळे आम्ही तो आज विचारार्थ घेत आहोत.

या जातीचा मुकुटमणी म्हणजे एडवर्ड वुड या दिग्दर्शकाचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’. त्याचे चित्रण 1956 मध्ये झाले आणि 1959 पर्यंत तो चित्रपटगृहांत पोहोचला. परग्रहवासी आपल्या तबकड्यांतून येतात आणि स्मशानातील मृतांना उठवून माणसांवर सोडतात, असे त्याचे कथानक आहे. या स्मशानातील थडगी पुठ्ठ्याची आहेत हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. नट जवळून गेला की ती हलतात. एकाच प्रसंगात क्षणात लख्ख ऊन तर क्षणात मिट्ट काळोख असतो. विमानाच्या चालकाची खोली म्हणजे दोन खुर्च्या आणि मागे सोडलेला एक पडदा. उडत्या तबकड्या दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या असून त्या दोरीवर हेलकावे खात येतात. चित्रपटाच्या प्रारंभी निवेदक मोठ्या गांभीर्याने भविष्याविषयी चार वाक्ये बोलतो आणि हे सारे प्रत्यक्ष घडून गेले आहे असे लगोलग सांगून टाकतो. भविष्यकाळ आणि भूतकाळ यांची अशी सांगड व्याकरणाच्या इतिहासात क्वचितच कोणी घातली असेल.

हा चित्रपट कसा निघाला हीदेखील एक कथाच आहे. पैसा पुरवला तो एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी. चित्रपटाचे मूळ नाव ‘थडगी लुटणारे’ अशा अर्थाचे होते. ते या मंडळींना अप्रशस्त वाटले म्हणून बदलण्यात आले. चित्रपटातील काही जणांनी बाप्तिस्मा घ्यावा ही अटही दिग्दर्शकाने मान्य केली. प्रमुख आकर्षण होते ते बेला लुगोसी या वृद्ध नटाचे. मूळचा हंगेरीतला हा नट 1931 च्या ‘ड्रॅक्युला’मुळे जगप्रसिद्ध झाला. पुढे त्याला काम मिळेना. मॉर्फीनचे व्यसन जडले. 1955 मध्ये तो आपण होऊन उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाला. ऑगस्ट 1956 मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा वुडपाशी त्याची वेगळ्याच कामासाठी टिपलेली काही मिनिटांची मूक दृश्ये तेवढी होती. दुसऱ्या कोणीही तो विचार सोडून दिला असता. वुडने आपल्या पत्नीच्या ओळखीतल्या, हाडे-सांधे चोळून उपचार करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावले, त्यांच्या खांद्यावर काळा झगा टाकला आणि झग्याच्या पदराने तोंड झाकून चालायला सांगितले. हे गृहस्थ लुगोसीपेक्षा चांगलेच उंच होते. त्यामुळे चित्रपटभर एकच पात्र कधी ठेंगणे तर कधी ताडमाड दिसते आणि ताडमाड झाले की न चुकता तोंड लपवते!

इतके हसून झाल्यावर या चित्रपटाच्या कथेकडे पुन्हा एकदा पाहावे, असे आम्ही सुचवू. परग्रहवासी पृथ्वीवर येतात ते लूट करण्यासाठी नव्हे. माणसाने एकापाठोपाठ एक स्फोटके शोधली, अणुबाँब आणि हायड्रोजन बाँब केले. आता तो सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवणारे अस्त्र शोधून काढील आणि त्यात सारे विश्व भस्मसात होईल, ही त्यांची भीती आहे. माणसाला हे सांगण्याचे त्यांचे प्रयत्न व्यर्थ जातात आणि मग मृतांना उठवण्याची ही नववी योजना अमलात येते. अमेरिकेने हायड्रोजन बाँबचा पहिला मोठा चाचणीस्फोट 1952 मध्ये केला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी एक कफल्लक दिग्दर्शक माणसाच्या संहारबुद्धीवर बोट ठेवत होता. संवाद हास्यास्पद होते, चिंता हास्यास्पद नव्हती. बडबड्या परग्रहवाल्याला चित्रपटातील शूर नायक ठोसा लगावतो तेव्हा आपण हसतो. परंतु त्या दोघांत शहाणपणाचे कोण बोलत होता, हा प्रश्न मागाहून मनात राहतोच.

या चित्रपटाच्या पंक्तीला बसणारा दुसरा म्हणजे 1953 चा ‘रोबो मॉन्स्टर’. फिल टकर या पंचविशीतल्या तरुणाने तो अवघ्या चार दिवसांत, सुमारे सोळा हजार डॉलरांत उरकला. कथेला यंत्रमानव हवा होता, पण यंत्रमानवाचा पोशाख परवडेना. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे गोरिलाचा स्वतःचा पोशाख होता. टकरने त्याला तोच घालायला लावला आणि वर पाणबुड्याचे शिरस्त्राण चढवले. हा केसाळ यंत्रमानव मानवजातीचा जवळजवळ संपूर्ण संहार करून एका गुहेत बसतो आणि साबणाचे फुगे सोडणाऱ्या यंत्राशेजारी उभा राहून आपल्या ग्रहावरील वरिष्ठांशी बोलतो. फुग्यांच्या यंत्राचा उल्लेख श्रेयनामावलीत आहे, हे विशेष. उरलेल्या मूठभर माणसांत एक तरुणी असते. तिला ठार करण्याचा हुकूम सुटतो आणि राक्षसाचे मन कचरते. कर्तव्य आणि भावना यांच्या कात्रीत सापडलेल्या या जीवाचे स्वगत ऐकून प्रेक्षक हसतात, कारण ते गोरिलाच्या अंगातून आणि पाणबुड्याच्या टोपातून येते. एरवी त्यातला पेच आपल्या कोणत्याही शोकांतिकेतल्या पेचाहून वेगळा नाही. या चित्रपटाचे संगीत एल्मर बर्नस्टाइन यांचे आहे. डाव्या विचारांच्या संशयावरून मोठ्या निर्मात्यांनी त्यांना त्या काळात दूर ठेवले होते. म्हणून त्यांच्यासारख्या गुणी माणसावर गोरिलासाठी सूर जुळवण्याची वेळ आली. त्यांनी ते काम कसेबसे उरकले नाही, मन लावून केले. 1960 च्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’चे सुप्रसिद्ध संगीत त्यांचेच. टकरने मात्र त्याच 1953 च्या अखेरीस आत्महत्येचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला.

ही लाट त्याच काळात का उसळली, याची कारणे उघड आहेत. 1948 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या चित्रसंस्थांची चित्रपटगृहांवरील मालकी मोडीत निघाली. घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि प्रौढ प्रेक्षक घरी बसू लागला. चित्रपटगृहांकडे, विशेषतः मोटारीत बसून पाहण्याच्या उघड्या चित्रपटगृहांकडे, वळत राहिली ती तरुण मुले. त्यांना एका तिकिटात दोन चित्रपट हवे असत आणि ते स्वस्तात पुरवणाऱ्या संस्था पुढे आल्या. त्यांतल्या एका नामांकित संस्थेची रीत अशी की, आधी शीर्षक ठरायचे, मग भित्तिपत्रक रंगायचे आणि ते चित्रगृहवाल्यांना पसंत पडले की चित्रपट काढायचा. भित्तिपत्रकावरचा राक्षस अक्राळविक्राळ आणि पडद्यावरचा रबरी, हा विरोधाभास तेथेच जन्मला. ‘द जायंट क्लॉ’ या 1957 च्या चित्रपटात तर नटमंडळींनी आकाशाकडे पाहत भयाने डोळे विस्फारले तेव्हा राक्षसी पक्षी तयारच नव्हता. तो मागाहून मेक्सिकोत स्वस्तात बनवून घेण्यात आला. मानेवर चार केस उभे असलेले ते गिधाडासारखे बाहुले पडद्यावर अवतरताच प्रेक्षकांत हास्याचा स्फोट झाला. नायक जेफ मॉरो याने ते ध्यान प्रथम पाहिले तेच आपल्या गावातल्या चित्रगृहात, गावकऱ्यांसमवेत. आणि कोणी ओळखण्याच्या आत तो तेथून सटकला.

भय दाखवायला जावे आणि हास्य पिकावे, या चमत्काराचे शास्त्र शोधण्यासाठी पश्चिमेकडे जाण्याचे कारण नाही. ते आपल्या नाट्यशास्त्रात आहे. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली. अभिनवगुप्ताने ती कल्पना व्यापक केली. केवळ शृंगाराचाच नव्हे, कोणत्याही रसाचा आभास झाला की तेथे हास्य उपजते, असे त्याचे प्रतिपादन आहे. वीराचा आभास झाला की बढाईखोर हास्यास्पद होतो, करुणाचा आभास झाला की रडका. भयानकाचा आभास झाला की काय होते, हे पाहायचे असेल तर गोरिलाच्या डोक्यावरचे ते पाणबुडी शिरस्त्राण पाहावे. रसाभासाचे इतके निर्भेळ उदाहरण दहाव्या-अकराव्या शतकातील त्या काश्मिरी पंडिताला उपलब्ध नव्हते, हे आपले भाग्य आणि त्याचे दुर्दैव.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या दशावतारी काल्यात तरी वेगळे काय असते? एक लाकडी बाकडे. तेच इंद्राचे सिंहासन, तेच रणांगणावरचा रथ. राक्षसाचे सोंग आरोळ्या ठोकत येते, त्याच्या रंगवलेल्या चेहऱ्यावरून घाम ओघळत असतो, तरी पुढे बसलेली मुले आईच्या पदरात तोंड लपवतात. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच सारे मर्म आहे. दशावतारात रंगभूमी आणि प्रेक्षक यांच्यात एक करार झालेला असतो. बाकडे हे बाकडेच आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. त्याला रथ मानायचे, हे दोघांनीही मान्य केलेले असते. भरताने यालाच नाट्यधर्मी म्हटले. कॅमेरा हा करार करीत नाही. ‘जे आहे ते मी दाखवतो’ असा त्याचा दावा असतो. म्हणून रंगमंचावर रथ होणारे बाकडे पडद्यावर निमूटपणे बाकडेच राहते. वुड आणि टकर यांची चूक ही की, त्यांनी नाटकवाल्याच्या भाबडेपणाने कॅमेऱ्याचा धंदा केला. त्यांची गोडीही त्यातच आहे. त्यांचे चित्रपट पाहताना राक्षस दिसत नाही, पण राक्षस उभा करण्यासाठी धडपडणारी माणसे दिसतात. ज्या पडद्यावर माणसांचे कष्ट झाकण्यासाठी कोट्यवधी खर्च होतात, त्याच पडद्यावर येथे ते कष्ट उघडे पडलेले असतात.

मात्र प्रत्येक वाईट चित्रपटाला हे भाग्य लाभत नाही. बहुतांश वाईट चित्रपट नुसतेच कंटाळवाणे असतात. आळसाने, लबाडीने किंवा प्रेक्षकाला मूर्ख समजून काढलेल्या चित्रपटाला कोणीही सत्तर वर्षांनी आठवत नाही. गोडी येते ती महत्त्वाकांक्षा आणि कुवत यांतील अंतरामुळे, आणि त्या अंतराची कर्त्याला जाणीव नसल्यामुळे. सुझन सोंटाग या विदुषीने 1964 मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात हा भेद नेमका सांगितला होता. जी कृती आपल्या परीने पूर्ण गंभीर असते आणि फसते तीच खरी रंजक. जी रंजक व्हायचे ठरवूनच फसते ती तितकी नव्हे. 2013 मध्ये ‘शार्कनेडो’ नावाचा चित्रपट आला. वावटळीतून शार्क मासे उडत येऊन माणसांना खातात, असा त्याचा विषय. तो मुद्दाम वाईट काढलेला होता, गाजलाही आणि त्याची पुढची प्रकरणे निघाली. परंतु ते हसणे विकत घेतलेले आहे. विदूषकाचे पडणे आणि वरातीत मिरवणाऱ्या नवरदेवाचे घोड्यावरून पडणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही आपली म्हण शहाणपणाची खरीच. पण ज्यांचे पाय अंथरुणाबाहेर गेले त्यांच्याकडेच जगाचे लक्ष जाते.

अंथरुणाचे माप ओळखूनही मोठे काम करता येते, हे याच क्षेत्रात रॉजर कॉर्मन यांनी दाखवले. 2024 मध्ये वयाच्या 98 व्या वर्षी निवर्तलेल्या या निर्माता-दिग्दर्शकाने स्वस्त चित्रपटांचा रतीब घातला. 1956 च्या एका चित्रपटासाठी त्यांच्या कारागिराने शुक्रावरचा राक्षस बुटका बनवला. तेथील गुरुत्वाकर्षण प्रबळ असेल तर प्राणी जमिनीलगतचाच असणार, असा त्यामागे विचार होता. नायिका त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि हसू लागली. शास्त्र गुंडाळून ठेवून राक्षसाला ताबडतोब उंच करण्यात आले. 1960 चा त्यांचा ‘द लिटिल शॉप ऑफ हॉरर्स’ दुसऱ्या चित्रपटाच्या उरलेल्या नेपथ्यावर जेमतेम दोन दिवसांत मुख्यत्वे चित्रित झाला. त्यातल्या एका किरकोळ भूमिकेत तरुण जॅक निकल्सन आहे. फ्रान्सिस कोपोला, मार्टिन स्कॉर्सेझी, जेम्स कॅमेरून ही पुढे जगभर गाजलेली मंडळी उमेदवारीच्या काळात कॉर्मनच्या हाताखालून गेली. बर्गमन, फेलिनी, कुरोसावा यांचे चित्रपट अमेरिकेत वितरित करण्याचे कामही याच गृहस्थाने केले. 2009 मध्ये अकादमीने त्यांना सन्माननीय ऑस्कर दिले. रबरी राक्षसांच्या कारखान्यातून एका पिढीचे शिक्षण झाले, याची ती पोचपावती होती.

आपल्या देशात विज्ञानाची जोड नसलेली, परंतु याच कुळातली परंपरा रामसे बंधूंनी चालवली. कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे त्यांचे वडील फाळणीनंतर मुंबईत आले. सात भाऊ, कोणी दिग्दर्शन सांभाळी, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी लेखन. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी मोजक्या माणसांनिशी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून चित्रित केला. 1984 च्या ‘पुराना मंदिर’ने लहान गावांतील चित्रगृहे भरून काढली. समीक्षकांनी त्यांना दारात उभे केले नाही. आज मात्र हिंदी चित्रपटाच्या इतिहासात त्यांची दखल घ्यावीच लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हे हसणे कोणत्या जातीचे आहे? एडवर्ड वुडला जगातला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवणारे पुस्तक 1980 मध्ये निघाले आणि त्या दिवसापासून त्याची कीर्ती वाढू लागली. परंतु तो स्वतः डिसेंबर 1978 मध्येच वारला होता, वयाच्या 54 व्या वर्षी. पोटासाठी हलक्या कादंबऱ्या लिहून, मद्याच्या आहारी जाऊन आणि भाडे थकल्याने घरातून बाहेर काढले गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी. दुसऱ्या महायुद्धात नौसैनिक दलात लढलेला हा माणूस. जगाने त्याच्यावर हसण्यासाठी एकत्र यावे, तर ऐकायला तो हयात नव्हता. 1994 मध्ये टिम बर्टन यांनी त्याच्यावर ‘एड वुड’ हा चित्रपट काढला. त्यात लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडाउ यांना ऑस्कर मिळाले. लुगोसीला किंवा वुडला हयातीत जे मिळाले नाही ते त्यांच्या अपयशाच्या चित्राला मिळाले! बर्टन यांनी मात्र वुडची कुचेष्टा केली नाही. त्या धडपडीवर त्यांनी प्रेम केले आणि म्हणूनच तो चित्रपट मोठा झाला. कुचेष्टेचे हसू माणसाला खाली ढकलते; जिव्हाळ्याचे हसू त्याच्या शेजारी जाऊन बसते. या दोहोंतला फरक ओळखणे ही रसिकतेचीच नव्हे, माणुसकीचीही कसोटी आहे.

वाईटाचे कौतुक केल्याने अभिरुची घसरेल, अशी शंका काही सुज्ञ वाचक घेतील. आमच्या मते तिला आधार नाही. थडगे हलते आहे हे ज्याला दिसते त्यालाच हसू येते. आणि ते दिसण्यासाठी चांगले काय ते ठाऊक असावे लागते. उलट, ज्या समाजात फसण्याची मुभा नाही तेथे नवे काही उपजत नाही. जत्रेच्या रात्री देवळासमोर उभ्या राहणाऱ्या आमच्या हौशी नाटकांत किती मिशा गळून पडल्या, किती तलवारी म्यानातून निघाल्याच नाहीत, याची गणती नाही. गावाने हसून घेतले आणि पुढल्या वर्षी त्याच पोरांना पुन्हा रंगमंचावर चढवले. गोव्याला नटांची वाण कधी पडली नाही, यामागे ही क्षमाशीलताही आहे.

आज चित्रनिर्मितीची साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत. गावोगावची तरुण मुले भ्रमणध्वनीवर लघुपट काढीत आहेत आणि दोन दिवसांत हजारो अनोळखी माणसांच्या निर्दय शेऱ्यांना तोंड देत आहेत. दुसरीकडे, चार शब्द सांगताच निर्दोष राक्षस घडवून देणारी यंत्रेही आली आहेत. त्या राक्षसाच्या पोशाखात घामाघूम झालेला कोणी बॅरोज नसतो. अशा वेळी या जुन्या फसलेल्या चित्रपटांचे मोल वाढते. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. जगातले उत्तमोत्तम चित्रपट तेथे येतात, ते यावेतच. त्यांच्या जोडीला एक रात्र उघड्या मैदानावर ‘प्लॅन नाइन’ दाखवावा आणि पहिला लघुपट काढून हिरमुसलेल्या आपल्या मुलांना पुढच्या रांगेत बसवावे, अशी आमची आयोजकांना सूचना आहे. ती मुले पोटभर हसतील आणि दुसऱ्या दिवशी कदाचित पुन्हा कॅमेरा हाती घेतील.